कागदावरचा मामा

समज, तुझ्यापुढे एक कोरा कागद आहे. हातात पेन्सिल आहे, टोक नुकतंच केलेलं. कागदाच्या खालच्या बाजूला एक छोटा चौकोन काढ. चौकोन म्हणजे मुलगा. त्याच्या शेजारी एक गोल काढ. गोल म्हणजे मुलगी. घाई करू नकोस, गोल वाकडा आला तरी चालेल, माणसं तरी कुठे सरळ असतात. आता दोघांच्या डोक्यावरून एक आडवी रेघ ने आणि त्या रेघेला दोघांना टांग. झाले ते भाऊ-बहीण. तिथून एक उभी रेघ वर ने, वर आई आणि बाबा. त्यांच्याही वर त्यांचे आईबाप. आजोबा वारले असतील तर त्यांच्या चौकोनावरून एक तिरकी रेघ मार. जोरात मारू नकोस. कुणाला घराण्यातून उतरत आलेला एखादा आजार असेल तर त्याचा चौकोन आतून काळा करायचा. आणि एखादी बाई स्वतः ठणठणीत असेल, पण तो आजार तिच्यातून तिच्या मुलांत उतरू शकत असेल, तर तिच्या गोलाच्या मधोमध फक्त एक ठिपका द्यायचा. बस, एवढंच. एवढं आलं की अख्खं घर एका कागदावर मांडता येतं. हेच ज्यांचं रोजचं काम होतं अशा एका बाईंची ही गोष्ट आहे. कागद बाजूला ठेवू नकोस, लागेल.

बाईंची खोली मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, रक्त तपासणीचा विभाग आणि धुलाईखाना यांच्या मधे होती. भिंतीतून यंत्रांची घरघर सतत यायची आणि बारा महिने खोलीला ओल्या चादरींचा उबट वास असायचा. दारावर लांबलचक पाटी होती, आनुवंशिक आजार सल्ला कक्ष. ती कुणी पुरी वाचत नसे. घराण्याची झाडं काढतात म्हणून सगळे त्यांना झाडवाल्या बाई म्हणत. एकदा एक गृहस्थ कुंडीतली रोपं मिळतील का असं विचारत आत आले होते. बाईंनी हसून त्यांना बसवून घेतलं, आणि बोलता बोलता त्यांच्या घरातल्या, तिन्हीसांजेनंतर भिंतीला हात लावून चालणाऱ्या काकांची गोष्ट निघाली. रोपं राहिली बाजूला. असं व्हायचं त्या खोलीत. पण ही गोष्ट घडली त्या दिवशी सकाळी हे मोठ्या डॉक्टरांना सांगायचं बाईंना सुचलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "बाई, पुढच्या महिन्यापासून गावोगावी नमुने घेतले जातील. नळीत थुंकायचं, उत्तर फोनवर. आजारी पोराला खांद्यावर टाकून कुणाला इथवर यायला नको. चांगलंच आहे की नाही?" बाई म्हणाल्या, चांगलंच आहे. आणि ते खरंच होतं. जे इथवर पोचलेच नाहीत त्यांची संख्या बाईंना कधीच कळली नव्हती, पण ती आपल्या दाराबाहेर उभी आहे असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. "मग तुमच्या खोलीत नेमकं काय होतं ते मला चार वाक्यांत सांगा," डॉक्टर म्हणाले, "मला वर पटवायला लागेल. धुलाईखाना ती जागा मागतोच आहे." बाई विचार करून म्हणाल्या, "लोक बसतात." "बसतात?" "बसतात आणि बोलतात." डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते. ते म्हणाले, "बाई, बसायला बाहेर बाग आहे."

ते वाक्य खोलीत आल्यावरही बाईंच्या मागेमागेच होतं. पेन्सिलीला टोक करताना, खिडकी अर्धी लावताना, खुर्च्या जवळ ओढताना. बसायला बाग आहे. समोर आता तिघी बसल्या होत्या. एक आई, तिची सासू आणि आठेक वर्षांची एक मुलगी. मुलीचा धाकटा भाऊ बापाबरोबर पलीकडच्या इमारतीत पायांची ताकद मोजून घ्यायला गेला होता. त्याच्या पायांचे स्नायू हळूहळू झिजत चालले होते, आणि झीज पुढे कुठवर जाणार हे घरातल्या मोठ्यांना मागच्या खेपेला कळलं होतं. त्याच खेपेला आईचीही तपासणी झाली होती, आणि आईच्या गोलात ठिपका आला होता. बाईंची एक रीत होती. जुना कागद फाइलीत असला तरी माणसं समोर बसली की त्या झाड नव्याने काढायच्या, पेन्सिलीने, त्यांच्या डोळ्यांदेखत. दर खेपेला माणसांना वेगळं काहीतरी आठवतं, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही काढा, मी बघते चुकताय का," मुलगी टेबलावर कोपरं टेकून म्हणाली. आजी म्हणाली, "ही आमची वकिलीण. हिच्यापुढे सांभाळून काढा बाई, नाहीतर उलटतपासणी घेईल." बाई हसल्या. आई हसली नाही. तिने मुलीच्या झग्याची डावी बाही दंडापर्यंत दुमडून ठेवली होती, दारात पाऊल टाकायच्या आधीपासूनच, जणू रक्त घेणारा माणूस दारामागेच उभा असेल.

बाई रेघा ओढत होत्या, हे बाबा, ही आत्या, ही आई, या आईच्या दोघी बहिणी, आणि तेवढ्यात खोडरबर टेबलावरून घरंगळून खाली गेलं. मुलगी ते उचलायला खाली वाकली. उचललं, आणि उठताना मात्र ती साधी उठली नाही. आधी चारही हातापायांवर झाली, मग पाठ वर उचलली, मग एक हात गुडघ्यावर रोवला, मग दुसरा, मग मांडीवर, मग आणखी वर, स्वतःच्याच अंगावर हात टेकत टेकत सरळ झाली आणि म्हणाली, "लिफ्ट आली." तिचा भाऊ तसा उठायचा, हे कुणी सांगायला नको होतं. आई अर्धवट उठली. तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. "तसं उठायचं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्यातून काहीतरी फाटल्यासारखं झालं. "किती वेळा सांगितलंय. तू तसं उठायचं नाही." मुलगी म्हणाली, "मी नुसतं करून बघत होते." आजीने सुनेचा वर राहिलेला हात धरून हळूच खाली आणला, तारेवरून कपडा काढावा तसा.

बाई कागदाकडेच बघत होत्या, पण त्यांना कागद दिसत नव्हता. त्यांना एक फरशी दिसत होती, गार, लाल, एका कोपऱ्यात तडा गेलेली, आणि त्या फरशीवर पालथा पडलेला त्यांचा दादा. दादा असाच उठायचा. स्वतःच्या अंगाची शिडी करून तो स्वतःवरच चढायचा, आणि वर पोचला की धापा टाकत म्हणायचा, "आलो गच्चीवर." घरात सगळ्यांना ते माहीत होतं. पाहुण्यांसमोरही तो म्हणायचा, आणि पाहुणे हसावं की नाही या विचारात पडायचे. त्याला ते आवडायचं. एकदा दुपारी बाई, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या, त्याच्याशेजारी पालथ्या पडल्या आणि त्याच्याबरोबर तशाच उठल्या, गुडघा, मांडी, कंबर, आणि ओरडल्या, मी पण गच्चीवर. स्वयंपाकघरातून आई आली आणि तिने एक थोबाडीत दिली. आयुष्यात आईने त्यांना मारलं ते तेवढंच. नंतर ती बराच वेळ तोच गाल चोळत बसली होती, तिचे हात ओले होते, गालावर गार लागत होते, आणि दादा भिंतीला टेकून म्हणत होता, "आई, तिचं काय चुकलं, तिला जमत होतं म्हणून?" पुढे त्याची गच्ची उंच होत गेली. मग तो अर्ध्या जिन्यात थांबायला लागला. मग जिनाच राहिला नाही, खुर्ची आली, मग पलंग, आणि मग उन्हाळ्याच्या एका सकाळी पलंगाची गादी गच्चीवर उन्हात टाकलेली होती आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याआधीचं की नंतरचं, हे बाईंना कधीच नीट लागलं नाही, पण एक व्हरांडा होता. एक डॉक्टर वडिलांशी बोलत होते आणि बाई मधे उभ्या होत्या. त्यांचे डोळे डॉक्टरांच्या खिशापर्यंत पोचत होते, आणि त्या खिशाला शाईचा निळा डाग होता. डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून म्हणाले, "मुलीतही असेल. शक्यता निम्मी. लग्नाच्या वेळी बघा." वडिलांनी मान हलवली. निम्मी म्हणजे काय हे बाईंना शाळेत शिकवलेलं होतं, निम्मी भाकरी, निम्मा पेला. त्या दिवसापासून त्या स्वतःकडे निम्म्याने बघत आल्या. पुढे तपासणी निघाली. पुढे ती सोपी झाली. पुढे त्यांनी शेकडो बायकांना ती समजावून सांगितली, कितीजणींचे हात धरले, आणि स्वतःची बाही कधी दुमडली नाही. एक जण होता, वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटायचा. तो म्हणाला होता, "तपासून टाक, काय येईल ते बघू दोघं." बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात. त्याने वाट पाहिली, पण वाट पाहण्यालाही वय असतं. आता तर केस पांढरे झाले होते, त्या उत्तराचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता. तरी ते कुठेतरी बसून होतं, न उघडलेल्या दारामागे एखादं माणूस बसून असावं तसं.

"हा कोण?"

मुलीचं बोट कागदावर होतं. बाईंनी बघितलं. आईच्या आणि तिच्या बहिणींच्या रांगेत, त्याच आडव्या रेघेला टांगलेला, एक चौकोन होता. आतून काळा केलेला. त्याच्यावरून तिरकी रेघ. जेमतेम ओळखू येईल इतकी हलकी, हळूच मारलेली. तो आपण कधी काढला हे बाईंना आठवेना. हात मात्र त्यांचाच होता, आणि पेन्सिल अजून त्या रेघेच्या टोकावर टेकलेली होती.

"आईच्या रांगेत आहे म्हणजे मामा," मुलगी म्हणाली. "पण मला मामा नाहीये."

"नाहीच," आजी म्हणाली. "आमच्या सुनेच्या माहेरी तिघी बहिणीच. मुलगा शोधायला कंदील घेऊन गेलात तरी मिळायचा नाही. बाई, आम्हाला मामा बनवताय काय?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या, "लक्ष नव्हतं," आणि त्यांनी खोडरबरासाठी हात पुढे केला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्याच्या झाडावर आपलं पान. खोडरबर मुलीच्या मुठीत होतं, आणि ती देत नव्हती. "पण तो कुणाचा तरी असेल ना," ती म्हणाली. "असाच कसा येईल? मेलेला पण आहे."

आईचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बाई, मला एवढंच विचारायचंय. हिचं आजच होईल का? बाही वर करूनच आणलंय." बाईंनी जे नेहमी सांगायच्या तेच सांगितलं, सावकाश. मुलगी निरोगी आहे. ठिपका असला तरी आत्ता तिच्यासाठी करण्यासारखं काही नाही. म्हणून लहान मुलीची ही तपासणी आम्ही करत नाही. ती मोठी होईल, स्वतः येऊन विचारेल, तेव्हा. "मला कुणी सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "मला माहीत असतं तर मी... मी दिलंय हे त्याला. हिला तरी आधी कळू दे." आजी म्हणाली, "अगं, आठ वर्षांची पोर. दात पडायचेत अजून. कळून काय करील ती? आणि दिलंय काय दिलंय, डोळेही तूच दिलेस की त्याला. त्याचा हिशेब कुणी मागत नाही." "तुम्ही गप्प बसा हो आई," सून म्हणाली, पण त्यात राग नव्हता, ती सासूच्या बाजूला थोडी कललीच. मग पुन्हा बाईंकडे वळून म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून आमच्याकडेच नळी देता येणार आहे म्हणे. तिथे कोण विचारणार आहे किती वर्षांची म्हणून? तिथे करून घेईन मी." ती धमकी देत नव्हती. जे होणार ते सांगत होती. आणि बाईंना एकदम उमगलं की हे खरं आहे, आपली ही सगळी रीत, थांबा, वाढू द्या, विचारू द्या, ती एका नळीच्या आड येऊ शकणार नाही. आपल्याकडे ही घटकाभराची बैठक आहे, एवढंच. पलीकडे धुलाईखान्यातलं यंत्र फिरायचं थांबलं.

"आणि हिने मोठी होऊन विचारलंच नाही तर?" आईने विचारलं.

"तर नाही विचारलं."

"तुम्हाला बोलायला काय जातंय," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "तुमच्या घरात नाहीये ना हे."

इथे गप्प राहायचं असतं. हे काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना बाईंनी हेच शिकवलं होतं, आपलं घर दाराबाहेर ठेवून यायचं, समोरच्याच्या दुःखात आपलं मिसळायचं नाही, पाण्यात पाणी ओतलं तर तहान कुणाची ते कळत नाही. त्यांनी ओठ मिटलेही. पण चौकोन कागदावर होता, आणि मुलीचं बोट अजून त्याच्यावर होतं.

"तो माझा भाऊ आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या झाडावर चुकून आला."

मग आजीने खुर्चीत सरसावून, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारलं, "थोरला की धाकटा?"

"थोरला. दादा म्हणायचे."

"असाच उठायचा?" मुलीने विचारलं.

"असाच. वर पोचला की म्हणायचा, आलो गच्चीवर."

मुलगी हसली. "आमच्याकडे लिफ्ट येते," ती म्हणाली. "गच्ची जास्त चांगली आहे. धाकट्याला सांगते." आई तिच्याकडे बघत राहिली. मग बाईंकडे. ती म्हणाली, "आणि तुमची? तुमची केलीत?"

"नाही."

"एवढी वर्षं इथे बसून?"

"हो."

"का?"

बाईंना वाटलं होतं की या प्रश्नाचं उत्तर लांबलचक असेल. ते त्यांनी रात्रीबेरात्री, प्रवासात, दुसऱ्यांच्या मुलांची नावं कागदावर लिहिताना किती वेळा जुळवलं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच. "मी विचारलं नव्हतं. मला सांगून टाकलं. एवढीच होते मी," आणि त्यांनी हाताने टेबलाच्या वर थोडी उंची दाखवली. ती बरोबर समोर उभ्या मुलीच्या डोक्याएवढी आली. "मग ते माझं राहिलंच नाही. आज उघडीन, उद्या उघडीन करत राहिले." आणि हे म्हणताना त्यांना कळलं की मोठ्या डॉक्टरांना हवी होती ती चार वाक्यं बहुतेक हीच असावीत, आणि ती त्यांना कधीच सांगता येणार नाहीत. खोली जाईल. पुढच्या वर्षी इथे चादरींच्या गठ्ठ्यांची चळत असेल, आणि दूर कुठेतरी एक मुलगी नळीत थुंकेल, आणि फोन वाजेल, आणि चांगलंही होईल कितीकांचं, आणि या मुलीला मोठी झाल्यावर विचारायला यावंसं वाटलं तर ती कुठल्या दारात येईल हे त्यांना माहीत नव्हतं.

आईने मुलीचा हात जवळ ओढला. दंडावरची बाही एक घडी खाली आणली, मग दुसरी, मनगटापर्यंत. बटण मात्र लावलं नाही. "बघू," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"आईच्या गोलात ठिपका आहे," मुलगी कागदाकडे बघत म्हणाली. ती बाहीकडे नाही, कागदाकडेच बघत होती. "माझा रिकामा आहे. त्यात कोण काढणार?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "तू मोठी झालीस की तुझं तू ठरवायचं, बघायचं की नाही ते. तोवर तो तसाच. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"आईने पण नाही?"

बाईंनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली होती. "आईने पण नाही," आई म्हणाली.

मुलीने यावर थोडा विचार केला. मग बाईंच्या हातातली पेन्सिल तिने न विचारता काढून घेतली. खोडरबर टेबलावर ठेवलं, लांब, कुणाचा हात पोचणार नाही असं. काळ्या चौकोनाला आईच्या आडव्या रेघेशी जोडणारी रेघ तिने बोटाने घासून पुसट केली, आणि त्याच्या शेजारी, जीभ दातांत धरून, एक गोल काढला. गोल वाकडा आला. दोघांच्या डोक्यावरून तिने एक नवी आडवी रेघ नेली आणि दोघांना तिला टांगलं. "आता तो एकटा नाहीये," ती म्हणाली. "ह्या तुम्ही." पेन्सिलीचं टोक तिने त्या गोलाच्या मधोमध नेलं, कागदापासून इतक्याशा अंतरावर, आणि तिथेच थांबली. मुलीने वर बघितलं, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, मग त्यांच्या डोळ्यांकडे. मग गोल तसाच रिकामा ठेवून तिने पेन्सिल उलटी केली, टोक स्वतःकडे आणि मागची बाजू बाईंकडे, आणि ती टेबलावरून हळूच त्यांच्यापुढे सरकवली.